सायलेन्सरच्या पोटात काय असते? वेगळ्या धाटणीची एक्झॉस्ट आणि त्यांचा आवाज

मूळ लेख

गेल्या महिन्यात मी माझ्या मोटारसायकलला बाहेरून घेऊन बसवलेला सायलेन्सर पहिल्यांदाच उघडला. तीन वर्षांपूर्वी तो नवा असताना त्याचा आवाज भरदार होता आणि खर्जात घुमत असे. पुढे तो हळूहळू फाटका, पत्र्यावर वाजल्यासारखा होत गेला, आणि रोज ऐकत असल्यामुळे हा बदल माझ्या कानांना जाणवलाच नाही. मागच्या झाकणाचे आठ रिव्हेट ड्रिलने काढले, लाकडी हातोड्याने ठोकून झाकण सैल केले आणि आतली जाळीदार नळी बाहेर ओढली. नळीभोवती गुंडाळलेल्या ग्लासवूलपैकी, म्हणजे काचेच्या तंतूंच्या लोकरीपैकी, इंजिनाकडचा निम्मा भाग पार नाहीसा झाला होता. उरलेला भाग काळा पडून कडक झाला होता आणि बोटाने दाबला की त्याचा भुगा होत होता. आवाज शोषून घेणारी वस्तू संपली होती आणि आवाज घुमवणारा रिकामा डबा तेवढा मागे राहिला होता.

त्या दिवसापासून एक्झॉस्टच्या, म्हणजे जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळी-सायलेन्सरच्या, रचनेचा आवाजाशी काय संबंध असतो, हे मी जमेल तसे समजून घेत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, मोटारसायकलच्या आवाजाचा ठेका इंजिन ठरवते आणि त्या ठेक्याला पोत एक्झॉस्ट देते. हे दोन वेगळे केले नाहीत, तर सायलेन्सर निवडताना हमखास चूक होते.

आधी ठेक्याबद्दल. एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधील वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो. तो दाब एकाएकी मोकळा होतो आणि नळीतून दाबाची एक लाट निघते. आपल्याला ऐकू येणारी ‘धड’ ती हीच. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरची ही लाट क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत, म्हणजे 720 अंशांत, एकदा येते. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालत असेल तर सेकंदाला 25 लाटा निघतात, आणि चार सिलिंडरचे इंजिन 12000 फेऱ्यांवर असेल तर 400. पहिल्यात ठोके जवळजवळ मोजता येतील असे वाटते, तर दुसऱ्यात ते एकमेकांत मिसळून एकच लांबलचक सूर होतो.

दोन सिलिंडरच्या इंजिनांत तर ठेक्याचे किती प्रकार ऐकायला मिळतात! हार्ले-डेव्हिडसनच्या 45 अंशांच्या व्ही-ट्विन इंजिनात, म्हणजे दोन सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’सारखे मांडलेल्या इंजिनात, दोन्ही पिस्टनचे दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या एकाच खुंटीवर (क्रँकपिनवर) असतात, त्यामुळे ठोके 315 आणि 405 अंशांच्या अंतराने पडतात. 900 फेऱ्यांच्या आयडलिंगवर हे अंतर साधारण 58 आणि 75 मिलिसेकंद होते, आणि तो सुपरिचित अडखळता ठेका याच विषम अंतरातून येतो. या आवाजाचा ट्रेडमार्क मिळावा म्हणून कंपनीने 1994 मध्ये अर्ज केला होता आणि 2000 मध्ये तो मागे घेतला. 270 अंशांच्या क्रँकचे पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचे) इंजिन 270 आणि 450 अंशांनी ठोके देते. 90 अंशांच्या व्ही-ट्विनचा ठेकाही तोच असल्यामुळे डोळे मिटून ऐकले तर या दोहोंत बरेच साम्य जाणवते. यामाहाने 2009 च्या आर-वन मध्ये क्रॉसप्लेन, म्हणजे खुंट्या एकमेकींशी 90 अंशांनी वळवलेला, क्रँक बसवला आणि ठोक्यांची अंतरे 270, 180, 90, 180 अशी केली. चार सिलिंडर असूनही ती गाडी नेहमीच्या इनलाइन-फोरसारखी (एका ओळीत चार सिलिंडरच्या इंजिनासारखी) किंचाळत नाही, गुरगुरते. बाहेरून आणलेला कोणताही सायलेन्सर हा क्रम बदलू शकत नाही. एका सिलिंडरच्या गाडीला व्ही-ट्विनचा आवाज देणारा सायलेन्सर शोधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता पोताबद्दल. सायलेन्सर मुख्यतः दोन तऱ्हेने काम करतो. एका तऱ्हेत वायू जाळीदार नळीतून सरळ जातो आणि नळीभोवतीचे ग्लासवूल, बेसॉल्टचे तंतू किंवा स्टीलवूल लाटेची ऊर्जा घर्षणाने शोषून तिची उष्णता करते. दुसऱ्या तऱ्हेत कप्पे आणि आडव्या नळ्या असतात. त्यांच्यात लाट आपटून परत फिरते आणि मागून येणाऱ्या लाटेला काही प्रमाणात खोडून काढते. पहिल्या तऱ्हेत उंच पट्टीचा, टोचणारा आवाज चांगला मरतो, पण खर्ज जवळजवळ तसाच बाहेर येतो. याचे कारण साध्या हिशेबात सापडते. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 500 मीटर धरला, तर 25 हर्ट्‌झच्या लाटेची लांबी 20 मीटर भरते, आणि एवढ्या लाटेला तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या लोकरीने फारसा फरक पडत नाही. खर्ज आवरायला कप्पे लागतात आणि कप्प्यांना जागा लागते. म्हणूनच कंपनीचा मूळ सायलेन्सर एवढा मोठा आणि जड असतो.

हे ध्यानात घेतले की वेगळ्या दिसणाऱ्या एक्झॉस्टचे आकार उलगडू लागतात. जुन्या छायाचित्रांत दिसणारे माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड घ्या. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्टीवर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे 1920 च्या दशकात सायलेन्सर सक्तीचे झाले आणि ‘ब्रुकलँड्स कॅन’ या नावाने ओळखला जाणारा मोठा डबा आणि चपटे तोंड यांची जोडी रूढ झाली. डब्यात लाट पसरते, तिची धार बोथट होते आणि उरलेला वायू लांबट फटीतून सावकाश बाहेर पडतो. शंभर वर्षे होत आली तरी ही रचना नुसती शोभेची वाटत नाही.

याच्या उलट टोकाला मेगाफोन, म्हणजे तोंडाकडे रुंदावत जाणारी नळी, आहे. सरळ नळीच्या उघड्या तोंडाशी पोहोचलेल्या लाटेचा बराचसा भाग उलटा होऊन, म्हणजे दाबाऐवजी ओढ होऊन, नळीत परत जातो. तोंड हळूहळू रुंद केले तर ही परतीची ओढ एका क्षणात न येता थोडा वेळ टिकते. ती नेमकी आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही वॉल्व्ह किंचित उघडे असताना पोहोचली, तर उरलासुरला जळका वायू खेचून काढते. मात्र तोच रुंदावणारा शंकू आवाजालाही बाहेरच्या हवेत सहज पोहोचवतो, सनईच्या तोंडाचा पसरट प्याला करतो तसाच. मॅन्क्स नॉर्टनसारख्या शर्यतीच्या गाड्या उंच फेऱ्यांवर जशा ताकदवान, तशाच खालच्या फेऱ्यांवर एका ठरावीक टप्प्यात चुकार होत्या, आणि त्या दोषाला ‘मेगाफोनायटिस’ असे नावच पडले होते. तोंडाशी पुन्हा थोडे निमुळते केलेले, उलट्या शंकूचे मेगाफोन हा दोष आणि तो आवाज, दोन्ही काहीसे सौम्य करतात.

मला स्वतःला सर्वांत कल्पक वाटते ती सुपरट्रॅप या सायलेन्सरची चकत्यांची रचना. नळीचे मागचे तोंड झाकणाने पूर्ण बंद असते आणि त्याच्या आत बशीसारख्या पातळ चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. वायू त्यांच्या फटींमधून चहूबाजूंनी बाहेर पडतो. चकत्या वाढवल्या की वाट रुंद होते आणि आवाज वाढतो. कमी केल्या की दोन्ही आटोक्यात येतात. एका जाड झोताचे अनेक पातळ पडदे झाल्यामुळे झोताचा स्वतःचा खळखळाट उंच पट्टीत सरकतो, आणि उंच पट्टीतील आवाज हवेत लवकर विरतो. काही स्क्रू काढून आवाज बदलता येतो, ही सोय फार थोड्या सायलेन्सरमध्ये मिळते.

आपण कोणती वेगळी रचना वापरली आहे आणि तिचा अनुभव काय, हे अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

लेख आवडला. माझ्याकडे 270 अंशांच्या क्रँकची दोन सिलिंडरची गाडी आहे. मूळचे दोन वेगळे सायलेन्सर काढून मी टू-इन-टू-वन प्रकारचे, म्हणजे दोन्ही नळ्या एकत्र करून एकाच सायलेन्सरमध्ये सोडणारे एक्झॉस्ट बसवले. गाडी सहा किलोने हलकी झाली, परंतु ठोक्यांची ती सुटी सुटी धडधड गेली आणि आवाज सपाट झाला. आपल्या म्हणण्यानुसार सायलेन्सर ठेका बदलू शकत नसेल, तर मग हे कसे घडले?

लेखकाचे उत्तर

प्रश्न अगदी नेमका आहे. आपल्या इंजिनाचे ठोके अजूनही 270 आणि 450 अंशांनीच पडत आहेत. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर हे अंतर 15 आणि 25 मिलिसेकंद होते. दोन नळ्यांची लांबी असमान असेल तर त्यात थोडा फरक पडतो. एक नळी अर्धा मीटर लांब असेल तर तिची लाट साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोहोचते, म्हणजे त्या वेगाला 18 अंशांचा फरक. एवढ्याने ठेका मोडत नाही.

मोडते ती ठोक्यांची धार. दोन सायलेन्सर असताना प्रत्येकात एक ठोका आणि मग लांब शांतता असा क्रम होता, आणि उजवा-डावा ठोका कानांना दिशेवरूनही वेगळा कळत होता. आता दोन्ही लाटा एका सांध्यात मिळतात. एका सिलिंडरच्या लाटेचा काही भाग दुसऱ्याच्या नळीत शिरतो, तिथून परत येतो आणि मधल्या शांततेत भरणा करतो. आपण सांध्यानंतरची नळी थोडी मोठ्या व्यासाची आणि सायलेन्सर कप्प्यांऐवजी सरळ जाळीचा घेतला असता, तर धार थोडी अधिक उरली असती. मात्र आवाजही वाढला असता, हे सांगायला हवे.

चार सिलिंडरच्या गाड्यांत हेच मीलन उलट लोकांना हवेहवेसे वाटले. शर्यतीची इंजिने तयार करणारे जपानी तंत्रज्ञ योशिमुरा यांनी 1971 मध्ये होंडा सीबी-750 च्या शर्यतीच्या इंजिनासाठी फोर-इन-टू-वन एक्झॉस्ट वापरले. मूळ गाडीला चार स्वतंत्र नळ्या होत्या. 9000 फेऱ्यांवर प्रत्येक नळीतून सेकंदाला 75 लाटा निघतात, तर चारही एकत्र केल्यावर एकाच तोंडातून समान अंतराने 300 निघतात, आणि चार नळ्यांच्या लहानमोठ्या फरकांमुळे उमटणारी खालच्या पट्टीची घरघर जाऊन एकसंध, चढता सूर उरतो.

प्रतिसाद २

मी अनेक वर्षे हाताने एक्झॉस्ट बनवतो आहे, म्हणून कारागिराच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट जाळीची. नळीला पाडलेल्या भोकांच्या कडा धारदार राहिल्या आणि वायूचा वेग जास्त असला, तर भोकांवरून जाणारा प्रवाह शीळ घालतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा हा प्रकार आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते की चार हजार फेऱ्यांच्या आसपास सायलेन्सरमधून बारीक शीळ येते आणि इतर वेळी येत नाही. अशा वेळी मी नळी बदलून कडा घासलेली, लहान भोकांची नळी घालतो आणि तिच्यावर लोकरीच्या आधी स्टीलवूलचा एक पातळ थर देतो. हा थर शीळ तर मोडतोच, शिवाय ग्लासवूलचे तंतू भोकांतून ओढले जाण्यापासून वाचवतो. मूळ लेखातील सायलेन्सरमध्ये हा थर नसावा, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट लोकर भरण्याची. पुष्कळ जण ती ठासून भरतात. ठासलेली लोकर भिंतीसारखी वागते, कारण तंतूंमध्ये हवा हलायला जागाच उरत नाही आणि लाट आत शिरण्याऐवजी परत फिरते. सैल भरली तर ती थोड्याच दिवसांत खाली बसते आणि वरच्या बाजूला पोकळी पडते. दाबल्यावर पुन्हा फुगून वर येईल इतपतच ती भरावी. हा अंदाज हातालाच येतो, तो कागदावर लिहून देणे मला जमलेले नाही.

प्रतिसाद ३

हे सर्व वाचूनही माझा मूळ प्रश्न शिल्लक आहे. आवाज जितका मोठा तितकी वाट मोकळी आणि वाट मोकळी तितकी ताकद जास्त, हे सरळ गणित नाही का? मी डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसणारा, आवाज कमी करणारा सुटा भाग) काढून टाकला तेव्हा गाडी स्पष्टपणे जोरात पळू लागली. मजा म्हणजे फोनवरच्या मापकाने आवाजात अवघ्या दोन डेसिबलची वाढ दाखवली, मात्र आमच्या घरच्यांना आवाज दुप्पट वाटला.

लेखकाचे उत्तर

तीन निरीक्षणे आहेत, तिन्ही वेगवेगळी पाहू.

ताकदीबद्दल आधी. उंच फेऱ्यांवर अडथळा कमी झाल्याचा फायदा मिळू शकतो, हे मी नाकारत नाही. पण नळीतून परतणारी ओढ वेळेवर पोहोचणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे. 90 सेंटीमीटर लांब नळीत लाटेला जाऊन परत यायला साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात, आणि 6000 फेऱ्यांवर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे 125 अंश फिरतो. हा जुळवलेला मेळ तोंडाशी केलेल्या बदलाने बिघडू शकतो, आणि बिघडला की मधल्या फेऱ्यांवर गाडी मंदावते. मोठ्या आवाजात कानाला वेग जास्त वाटतो, त्यामुळे ही मंदी चालवणाऱ्याला कळतच नाही. आपण एकाच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, ठरावीक वेगापासून ठरावीक वेगापर्यंत लागणारा वेळ घड्याळाने मोजून पाहावा, अशी मी आग्रहाने सूचना करतो.

डेसिबलचा मुद्दा अधिक रोचक आहे. ध्वनिमापक बहुधा ‘ए’ भारांकन वापरतात, ज्यात खर्जाला मुद्दाम कमी वजन दिलेले असते. 1000 हर्ट्‌झला काहीही वजावट नसते, 100 हर्ट्‌झला सुमारे 19 डेसिबल आणि 50 हर्ट्‌झला सुमारे 30 डेसिबल वजा होतात. डीबी किलर काढल्यावर मुख्यतः खर्ज वाढला असेल, तर मापकाला तो जवळजवळ दिसणारच नाही. भिंतीपलीकडे बसलेल्या माणसाला मात्र तोच ऐकू येतो, कारण भिंती आणि खिडक्या उंच पट्टी अडवतात आणि खर्जाला बराचसा वाट देतात. आपल्या घरच्यांचे कान मापकापेक्षा अधिक खरे बोलत आहेत.

उभ्या गाडीच्या आवाजाच्या तपासणीतही हेच लक्षात ठेवावे लागते. मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर आणि 45 अंशांच्या कोनात ठेवतात आणि इंजिन एका ठरावीक फेऱ्यांवर स्थिर धरतात. कमाल ताकद 5000 च्या वरच्या फेऱ्यांवर देणाऱ्या इंजिनांसाठी ती संख्या त्या फेऱ्यांच्या निम्मी असते. झडपेचे सायलेन्सर बनवणाऱ्यांना हा बिंदू चांगला ठाऊक असतो. त्यांच्या सायलेन्सरमध्ये वायूला दोन वाटा असतात, एक कप्प्यांतून वळसा घेणारी आणि एक सरळ, आणि मोटरवर चालणारी झडप कोणती वाट उघडायची ते ठरवते. रचना म्हणून मला ती आवडते. वस्तीत शिरताना शांत वाट निवडण्याची सोय चालवणाऱ्याच्या हातात येते, आणि ती त्याने वापरलीच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद ४

टू-स्ट्रोकचा उल्लेख राहून गेला, तो मी करतो. तिथे एक्झॉस्टचा फुगीर आकार आवाजासाठी घडवलेला नसतो, तरीही आवाज त्यानेच घडतो. पहिला रुंदावणारा शंकू ओढीची लाट परत पाठवून पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण सिलिंडरमधून थेट नळीपर्यंत खेचतो, आणि दुसरा निमुळता शंकू दाबाची लाट परत पाठवून तेच मिश्रण पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतील वायू बाहेर सोडणारे भोक) बंद होण्याआधी पुन्हा आत ढकलतो. पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी 1950 च्या दशकात ही रचना शर्यतीच्या दर्जाला नेली. त्यांचा चालक अर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये पश्चिमेकडे निघून गेला, सुझुकीला ते ज्ञान मिळाले आणि पुढच्याच वर्षी 50 सीसी गटाचे जगज्जेतेपद डेग्नरने सुझुकीवर मिळवले. प्रत्येक फेरीत एक ठोका पडत असल्यामुळे तेवढ्याच फेऱ्यांवर चार-स्ट्रोकच्या दुप्पट लाटा निघतात, आणि लाटा जुळून येण्याच्या टप्प्यात गाडी शिरली की खरखर जाऊन एकाएकी लख्ख सूर लागतो. हा क्षण ज्यांनी ऐकला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

प्रतिसाद ५

नवीन सायलेन्सर बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटल्यासारखा आवाज येतो. काही मित्र म्हणतात की हे चांगले लक्षण आहे. मला ते पटत नाही, कारण जुन्या सायलेन्सरवर असे होत नव्हते.

लेखकाचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. थ्रॉटल सोडल्यावर काही मिश्रण सिलिंडरमध्ये नीट न जळता नळीत येते. तिथे बाहेरची हवा मिळाली की ते तापलेल्या नळीत पेटते आणि तो फटका ऐकू येतो. काही गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्टमध्ये मुद्दाम हवा सोडलेली असते. मूळ सायलेन्सर ते फटके झाकतो, मोकळा सायलेन्सर झाकत नाही. पण सायलेन्सर बदलल्याबरोबर सुरुवात झाली असेल, तर आधी सांधे तपासावेत. इंजिन थंड असताना सुरू करून सांध्याजवळ ओल्या हाताचा तळवा थोडा अंतरावर धरावा. गळती असेल तर ठोक्यागणिक फुंकर जाणवते.

प्रतिसाद ५ चे पुढील टिपण

तपासले. सिलिंडर हेडजवळचा सांधा ठीक होता. जिथे सायलेन्सर नळीवर चढतो तिथे पट्टी आवळलेली होती, पण आतली ग्राफाइटची रिंग बसवलेलीच नव्हती, आणि पट्टीच्या खाली एका बाजूला काजळीचा काळा पट्टा उमटला होता. रिंग घालून पट्टी पुन्हा आवळली. आता थ्रॉटल सोडल्यावर एखाददुसरा हलका फटका येतो, आणि आयडलिंगला आधी जी भसभस ऐकू येत होती, जिला मी नवीन सायलेन्सरचा पोत समजत होतो, ती पूर्ण थांबली आहे.